मला अंतर देऊ नका

७ जानेवारी

चि. ठकीस,

खोकं पोचलं. आत कॅमेरा आहे, लेन्स नाही. दीड वर्षात तुझी एक ओळ नाही आणि आता एकदम हे, म्हणून मी खोकं पुन्हा बंद केलं आणि कपाटावर ठेवून दिलं. चिठ्ठी नंतर वाचली.

तू लिहितेस, "बाबा, कॅमेरा तुमच्यासाठी. लेन्स तुमच्या तुम्ही निवडा, दोनच घ्या, दुकानदाराशी मी बोलले आहे. फोटो काढाल ते छापून पाठवा. बाकी काही मागत नाही. मला अंतर देऊ नका."

शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. सिनेमाच्या स्टुडिओत मी उभं आयुष्य फोकस पुलर म्हणून, दुसऱ्याच्या कॅमेऱ्याचा फोकस लावत काढलं. कॅमेरामन ओरडायचा, "अंतर दे!" मी टेपचं टोक नटाच्या डोळ्यापाशी धरायचो आणि अंतर द्यायचो: सात फूट दोन. लहानपणी तू सेटवर ट्रॉलीच्या रुळावर बसून हे ऐकायचीस. तेव्हा "अंतर देऊ नका" म्हणजे काय ते मला बरोबर कळलं. टेप लावायची नाही. नुसत्या डोळ्याने फोकस करायचा. परीक्षेच्या अटी इतक्या थोडक्यात कोणी लिहीत नाही.

आणि कॅमेरा कोणता, तर हा. हल्ली फोनसुद्धा आपोआप फोकस करतो. तू मात्र शोधून असा आणलास की त्यात सगळं बघणाऱ्यावर सोडलेलं आहे. मध्ये एक चौकोन, चौकोनात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा. लेन्स फिरवत त्या एकावर एक आणायच्या. जुळल्या की झालं. जुळल्या की नाही हे सांगणारं कॅमेऱ्यात कोणी नाही. आणि तुझा नवरा डोळ्यांचा डॉक्टर. यात जावईबापूंचं डोकं आहे हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही.

गेल्या खेपेला जाताना तू दारात थांबून म्हणालीस, "ज्या दिवशी तुम्हाला नीट दिसत नाही असं मला कळेल, त्या दिवशी मी विचारत बसणार नाही. उचलून घेऊन जाईन." मी ते विसरलेलो नाही. माझ्या या दोन खोल्या मी सोडणार नाही. मला नीट दिसतं.

फोन करू नकोस. फोनवर तू मला स्पीकरवर ठेवतेस. जावईबापू श्वास घेतात तो मला ऐकू येतो. पत्र लिही.

लेन्स निवडतो. घाई करणार नाही.

बाबा

ता. क. अक्षर मोठं आलंय ते नव्या पेनामुळे.


१९ जानेवारी

चि. ठकीस,

दुकानात जाऊन आलो. दुकानदार बोलका आहे. बोलक्या माणसांपासून मी जपून असतो.

त्याने काउंटरवर कापड पसरून चार लेन्स मांडल्या. अठ्ठावीस, पस्तीस, पन्नास, नव्वद. आकडा लहान तेवढं जास्त मावतं, मोठा तेवढं जवळ येतं. हे तो मला समजावून सांगत होता. मी ऐकून घेतलं.

"काका, दोनच घ्यायच्या तर अशा घ्या की एकीचं काम दुसरीला जमू नये. पस्तीस आणि नव्वद, किंवा अठ्ठावीस आणि पन्नास. पण तुम्ही काय काढणार त्यावर आहे. ताई म्हणाल्या, बाबांना चेहरे आवडतात."

ताई म्हणाल्या!

"आणखी काय म्हणाल्या ताई?"

"बिल मला पाठवा म्हणाल्या."

"डोळ्यांबद्दल काही?"

"कुणाच्या डोळ्यांबद्दल?"

"कुणाच्याच नाही. असं आपलं विचारलं."

तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. तो तुला कळवणार, म्हणून मीच आधी कळवतो.

पन्नास लावून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं. चौकोनात दोन घड्याळं होती. लेन्स फिरवली. एक दुसऱ्याच्या जवळ सरकलं आणि तिथंच अडलं. मी सांगितलं, कॅमेऱ्याची जुळणी बिघडलेली आहे. त्याने कॅमेरा स्वतःच्या डोळ्याला लावला.

"मला तर एकच दिसतंय, काका."

मग त्याने मागची काच पुसून दिली. मी पुन्हा बघितलं आणि म्हटलं, आता ठीक आहे. कॅमेरा तू कुणाचा तरी वापरलेला घेतला असणार. पाठवण्याआधी तपासून घ्यायचा होतास.

पहिली लेन्स मी ठरवली आहे, अठ्ठावीस. तो म्हणाला, "अठ्ठावीसच्या कडा चष्म्यातून पूर्ण दिसत नाहीत, काका. अडचण होईल." मी चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हटलं, हा फक्त वाचायचा आहे. अठ्ठावीस घेण्याचं कारण साधं आहे. माझ्या खोल्या लहान आहेत आणि या लेन्सला फोकसची खोली भरपूर. ॲपर्चर लहान ठेवलं की हातापासून भिंतीपर्यंत सगळं स्पष्ट. मला खोली सोडवत नाही असं म्हण, हवं तर.

दुसरी लेन्स कोणती ते सावकाश बघू. त्याला नव्वद खपवायची आहे असं दिसलं. का, ते मला माहीत आहे.

बाहेर पडताना दुकानाचं दार लागलेलं होतं. काचेचं दार इतकं लख्ख पुसून ठेवायची काही गरज नसते.

बाबा


८ फेब्रुवारी

चि. ठकीस,

फोटो पाठवले, तुझं पत्रही आलं. त्यातल्या एकेका गोष्टीला उत्तर देतो.

फोटो स्पष्ट आहेत असं तू लिहिलंस. आहेतच. खिडकी, जिन्याचा कठडा, समोरच्या गल्लीतला दिव्याचा खांब, स्वयंपाकघराचं टेबल. एकाही ठिकाणी टेप लावलेली नाही. खरं तर लेन्स फिरवावीच लागली नाही. एकदा लावून ठेवली, पुरली.

तुझा पहिला प्रश्न. टेबलावर कपाशेजारी चहा का सांडलाय? याचा अर्थ तू फोटो भिंग लावून बघितलास. मी टेबल पाठवलं होतं, तपासायला नव्हे, बघायला. चहा ओतताना दाराची घंटा वाजली. माणूस दचकतो.

दुसरा प्रश्न. कपाळाला पट्टी कसली? हे मी तुला कळवलेलं नाही. फोटोंत मी कुठेच नाही. म्हणजे हे तुला खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी सांगितलं. मला संशय होताच. मी जिना उतरायला लागलो की त्यांचं शिलाई मशीन थांबतं. मी दारापर्यंत गेलो की पुन्हा सुरू होतं. दुसऱ्याच्या पायांचा आवाज मोजत शिवण होतं का? तर ऐक. जिन्याची शेवटची पायरी इतर पायऱ्यांपेक्षा उंचीने कमी आहे. बांधणाऱ्याची चूक आहे. खरचटलं होतं, बरं झालं.

तिसरी गोष्ट. "एकाही फोटोत माणूस नाही, बाबा. कुणाच्या तरी जवळ जा." ठकी, मी या धंद्यात केस पिकवले. जवळ गेलं की फोकसची चूक लपत नाही हे मला तू शिकवणार? अठ्ठावीसच्या फोटोंवरून काही हाती लागत नाही, म्हणून आता जवळ जा. दुकानदाराने नव्वद पुढे केली तीही उगाच नाही.

मी त्याला विचारलं, दुसरी पस्तीस घेतली तर? तो हसला. "अठ्ठावीसबरोबर पस्तीस? काका, एका पिशवीत दोन छत्र्या घेऊन कोण फिरतं?"

हसायला त्याचं काय जातंय?

शेवटी त्याने पन्नास आणि नव्वद दोन्ही वापरून बघायला दिल्या आहेत. "हवे तेवढे दिवस ठेवा, जी पटेल ती घ्या," म्हणाला. एवढा उदार दुकानदार मी आजवर बघितलेला नाही.

एक काम कर. तुझ्या घरी माझ्याबद्दल काय ठरलंय ते सरळ लिही. मला माझी बाजू मांडता येईल.

बाबा


२ मार्च

चि. ठकीस,

आज रागावून लिहितोय. तुझ्यावर किती आणि शिंपीणबाईंवर किती ते अजून ठरत नाही.

तू माणूस मागितलास. मी जिना उतरून त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, तुम्ही सगळं कळवताच, तर तुमचाच फोटो जाऊ दे. अर्थात हे मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "बाई, दोन मिनिटं द्याल का?" त्यांनी केस सारखे केले, पडद्याचं कापड बाजूला सारलं आणि मशीनपाशी ताठ बसल्या.

मी नव्वद लावली. चौकोनात दोन शिंपीणबाई होत्या.

"काका, हसू का नको?"

"नको."

"मग तोंड कसं करू?"

"शिवताना करता तसं."

"शिवताना तोंडात टाचण्या असतात."

मी लेन्स फिरवत होतो. एका बाईचा डोळा दुसरीच्या नाकापर्यंत यायचा आणि पुन्हा मागे जायचा.

"एवढा वेळ कशाला लागतोय?"

"तुम्ही हलताय."

"मी? माझी मान अवघडली, काका. टेप लावा ना सरळ. तुमची लेक सांगायची, तुम्ही टेप धरून नटनट्यांच्या डोळ्यात खुपसायचात. ही घ्या, माझ्या गळ्यातच आहे."

"टेपला परवानगी नाही."

"कुणाची?"

मी त्यांना तुझी चिठ्ठी दाखवली. कॅमेऱ्याच्या पिशवीतच होती. त्यांनी वाचली. आधी त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

"अहो काका, पोरगी म्हणतेय मला सोडू नका, तोडू नका. मला अंतर देऊ नका! आणि तुम्ही टेप काय काढताय यातून?"

"आमच्या लाइनमध्ये त्याचा अर्थ वेगळा आहे. तुम्हाला नाही कळणार."

"लाइनमधलं नाही कळत. चार माणसांत बोलतात ते कळतं."

मी म्हटलं, "हे तुम्हाला तिने पढवलंय."

त्या उठल्या. टेप गळ्यातून काढून मशीनवर आपटली.

"पढवलंय? जिन्यात पडलात तेव्हा रक्त कोणी पुसलं? तुम्ही म्हणालात मुलीला कळवू नका, मी कळवलं नाही. तुमच्या पायांचा आवाज दारापर्यंत पोचेपर्यंत मशीन बंद ठेवते, आवाज चुकला तर धावता यावं म्हणून. त्याचं हे फळ? जा वर. आणि जाताना कठडा धरा!"

मी वर आलो. कठडा धरला की नाही हे तुला सांगायची गरज नाही.

चिठ्ठी खिडकीत धरून वाचली. वाक्य तेच आहे. त्या म्हणतात तो अर्थ बसतो, हे मी नाकारत नाही. माझाही बसतो. तुझ्या आईने हे वाक्य लिहिलं असतं तर मला शंका आली नसती. पण तू पाच वर्षांची असताना नटाच्या नाकावर बोट ठेवून "बाबा, अंतर दे" म्हणायचीस. त्यामुळे मला ठरवता येत नाही.

एका ओळीत खुलासा कर. टेप, की दुसरं? बाकी मजकूर नको.

आणि जर शिंपीणबाईंनी कळवलं नाही, तर पट्टीचं तुला कोण बोललं? याचंही उत्तर दे.

बाबा


१४ मार्च

चि. ठकीस,

एक ओळ मागितली होती, तू चार पानं लिहिलीस. ती मी शिंपीणबाईंकडून वाचून घेतली. छापील मजकूर भिंगाने अजून वाचता येतो, तुझ्या बारीक अक्षरातल्या थोड्या ओळी उजेडात धरून कशाबशा लागतात, चार पानं लागत नाहीत. हे मी लपवत होतो. आता लिहून टाकलं.

त्या वाचायला तयार झाल्या, पण आधी माझ्याकडून माफी मागून घेतली, तीही गिऱ्हाइकासमोर. वाचताना मध्ये मध्ये थांबून "ऐकलंत?" म्हणत होत्या.

तू लिहिलंस ते असं. हा कॅमेरा घेतलास कारण मी म्हणालो होतो, आपोआप फोकस करणाऱ्या यंत्राला मी हात लावणार नाही. लेन्स पाठवली नाहीस कारण दुसऱ्याने निवडलेली लेन्स मला कधीच चालली नाही. जावईबापूंना खोकं गेल्यावर कळलं आणि ते म्हणाले, एवढ्यात एक फ्रिज आला असता. यावर माझा बराचसा विश्वास बसला आहे. फ्रिजचं वाक्य तुला रचून सांगता आलं नसतं.

आणि पट्टीबद्दल लिहिलंस, "बाबा, ती तुम्हीच दाखवलीत. टेबलाच्या फोटोत उजव्या कडेला आरसा आहे." फोटोची एक प्रत माझ्याकडे होती. बाईंनी आरशावर बोट ठेवलं. मला तिथे भिंतच दिसत होती. त्या म्हणाल्या, "आहात तुम्ही. कॅमेरा, हात आणि वर पांढरी पट्टी. अगदी स्पष्ट." अठ्ठावीस मी झाकायला घेतली होती. एवढ्या वर्षांच्या कामानंतर कडेला काय आलंय ते न बघता मी फोटो काढला आणि पोस्टात टाकला.

म्हणजे तुला फेब्रुवारीतच कळलं होतं. तू म्हणाली होतीस, कळेल त्या दिवशी उचलून नेईन. आली नाहीस. त्याऐवजी कुणाच्या तरी जवळ जा असं लिहिलंस. यावर मी खूप विचार केला. आता लेन्सचं लिहितो.

दुसरी लेन्स नव्वद. पन्नास परत केली. दुकानदार विचारत होता, "पन्नास सोपी गेली असती ना काका?" म्हणूनच परत केली, असं मी त्याला सांगितलं नाही.

नव्वदने काढलेले शिंपीणबाईंचे दोन फोटो सोबत आहेत. एक टेप लावून काढला. टोक त्यांनी स्वतःच्या डोळ्यापाशी धरलं, आकडा मोठ्याने वाचून दाखवला आणि मी तो लेन्सवर लावून घेतला. दुसरा माझ्या डोळ्याने. मागे काही लिहिलेलं नाही. कोणता कुठला ते तुला दिसेल. एकात त्यांच्या पापण्या मोजता येतात म्हणे. दुसऱ्यात त्यांचा चेहरा धुक्यात आहे आणि मागच्या खुंटीवरची कात्री स्पष्ट आहे. आमच्या वेळी असा शॉट आला तर फोकस पुलरला दुसऱ्या दिवशी बोलावत नसत.

उजवा डोळा. गेल्या उन्हाळ्यापासून. दिव्याला दोन दिवे, चंद्राला दोन चंद्र. डावा त्यातल्या त्यात बरा आहे, पण एका डोळ्याने जवळचं किती जवळ ते कळत नाही. दार, कप, पायरी. पायरी इतर पायऱ्यांएवढीच आहे. बाईंनी टेप लावून दाखवली.

तू लिहिलंस, पुढच्या रविवारी येऊ का, आणि "ह्यांना आणू का". ये. त्यांनाही आण. डोळा त्यांना बघू दे. मोतीबिंदू असेल असं तू लिहिलंस, एवढंच असलं तर बरंच झालं. नसलं तर काय ते त्यांनी मला सांगावं. तुला बाल्कनीत नेऊन हळू आवाजात सांगू नये. डोळ्याचं ते सांगतील ते मी ऐकेन. खोल्यांचं त्यांना विचारणार नाही. ते तू आणि मी बोलू, आणि बोलून झाल्यावरही मी इथेच असेन असं मला वाटतं. तुला तसं वाटत नसेल तर तसं सांग. भांडू. पण जेवल्याशिवाय जाऊ नकोस.

एक दिवस राहणार असाल तर त्या हिशोबाने एक लहान बॅग आण. तू माझं सामान भरायला मोठ्या बॅगा घेऊन जिना चढलीस, तर मी दार उघडणार नाही. रविवारी मी खिडकीत उभा असेन. बॅग लहान की मोठी, एवढं मला अजून दिसतं.

बाबा